मित्रदेशाला लढाऊ विमान खरंच विकता येतं का? बातमी तपासायच्या पायऱ्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधल्या पत्रकार परिषदेत डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, की भारताला पुढेमागे एफ-३५ ही स्टेल्थ, म्हणजे रडारला चकवणारी, विमानं देण्याचा मार्ग आम्ही मोकळा करतोय. झालं! किती स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) येणार, कुठल्या तळावर उभ्या राहणार, रशियाच्या सुखोई-५७ चं काय होणार, यावर तासन्‌तास चर्चा रंगल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा तो प्रकार होता. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी लगेच सांगितलं होतं, की हा केवळ प्रस्ताव आहे आणि खरेदीची रीतसर प्रक्रिया सुरूच झालेली नाही. ऑगस्टमध्ये सरकारनं लोकसभेतही हेच उत्तर दिलं: या विषयावर औपचारिक चर्चा झालेली नाही.

अशा बातम्या वर्षातून चार-पाच वेळा येतात. देश बदलतात, विमानं बदलतात, गोंधळ तोच. संरक्षण विषयाकडे नव्यानं वळलेल्या वाचकाला अशी बातमी पारखता यावी, म्हणून या पायऱ्या लिहितो आहे. विमान किती वेगानं उडतं आणि किती क्षेपणास्त्रं वाहतं, हे सगळ्यात शेवटी बघितलं तरी चालतं. आधी शोधायचं ते हे, की या व्यवहाराला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार किती जणांकडे आहे आणि तो किती वर्षं त्यांच्या हातात राहणार आहे. आधुनिक लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं वापरलं जातं. तेवढा काळ विकणारा देश घेणाऱ्याच्या हवाई दलात एका अर्थानं मुक्कामालाच असतो.

पायरी १: व्यवहार नेमका कुठवर आलाय?

‘देणार’, ‘मंजुरी’, ‘करार’ आणि ‘दाखल’ या चार गोष्टींमध्ये अनेकदा प्रत्येकी काही वर्षांचं अंतर असतं. अमेरिकेची पद्धत समजून घेतली तर बाकीच्यांची समजायला सोपी जाते, कारण तिथं बराचसा कागद उघड्यावर येतो.

तिथला मूळ कायदा १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा. घेणारा देश आधी विनंतीपत्र देतो. त्यावर संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांत छाननी होते. मोठा व्यवहार असेल तर काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, रीतसर सूचना द्यावी लागते. नाटो देश आणि जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंड यांच्यासाठी १५ दिवसांची मुदत, बाकीच्यांसाठी ३० दिवसांची. त्यानंतर देकारपत्र जातं, घेणारा त्यावर सही करतो, आणि मग कुठे पैसे हलायला लागतात.

आपल्याकडे बातमी होते ती बहुतेक वेळा काँग्रेसला दिलेल्या सूचनेची, आणि तिला ‘सौदा पक्का’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्या सूचनेतला आकडा ही वरची मर्यादा असते. जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानला ४० नवी एफ-१६ आणि जुन्या ७९ विमानांच्या आधुनिकीकरणाचे संच देण्याची सूचना निघाली, रक्कम २३ अब्ज डॉलर. त्याच वर्षाअखेर तुर्कस्ताननं आधुनिकीकरणाचे संच वगळले आणि गोष्ट सुमारे ७ अब्जांवर आली. ही सूचना निघाली तीसुद्धा तुर्कस्ताननं स्वीडनच्या नाटो प्रवेशाला संमती दिल्यानंतर लगेच. विमानविक्रीच्या फायलीत विमानाशी काडीचा संबंध नसलेले कागद किती असतात, हे यावरून लक्षात यावं.

सूचनेच्या पुढची पायरीही घसरते. नोव्हेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीसाठी ५० एफ-३५, १८ ड्रोन आणि दारूगोळा मिळून २३.३७ अब्ज डॉलरची सूचना काँग्रेसकडे गेली. सिनेटमध्ये ती अडवायचा प्रयत्न झाला, तो फसला. म्हणजे कागदोपत्री सगळं सुरळीत. तरी एक वर्षानं, डिसेंबर २०२१ मध्ये, अमिरातीनंच बोलणी थांबवली. त्याच महिन्यात त्यांनी फ्रान्सकडून ८० रफाल घेण्याच्या करारावर सही केली.

तेव्हा पहिला प्रश्न हा: सही झाली का? आणि पहिला हप्ता गेला का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर बातमी बाजूला ठेवायला हरकत नाही.

पायरी २: विमान विकायला काढलंय का?

हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण एफ-२२ बद्दलच्या निम्म्या चर्चा इथंच संपतात. एफ-२२ रॅप्टर हे अमेरिकेचं पहिलं पाचव्या पिढीचं लढाऊ विमान. जपानला ते हवं होतं, ऑस्ट्रेलियानं विचारणा केली होती, इस्रायललाही रस होता. तिघेही अमेरिकेचे अगदी जवळचे. तरी एकालाही मिळालं नाही.

पहिलं कारण कायदा. १९९७ मध्ये काँग्रेस सदस्य डेव्हिड ओबी यांनी संरक्षण खर्चाच्या विधेयकात दुरुस्ती घातली: एफ-२२ परदेशी सरकारला विकायला मंजुरी देण्यासाठी या निधीतला पैसा वापरता येणार नाही. ही बंदी पुढे वर्षानुवर्षं कायम राहिली. राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलं तरी नुसत्या शब्दानं ती उठत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: विमान तयारच होत नाही. सुरुवातीला ७५० विमानांचा बेत होता. शीतयुद्ध संपलं, खर्च वाढत गेला, आणि २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी १८७ वर गाडी थांबवली. शेवटचं विमान २०१२ मध्ये हवाई दलाला मिळालं. उत्पादन पुन्हा सुरू करायचं झालं तर काय होईल, याचा हिशोब अमेरिकी हवाई दलानं २०१७ मध्ये काँग्रेसपुढे ठेवला. आणखी १९४ विमानांसाठी एकूण सुमारे ५० अब्ज डॉलर, आणि एका विमानाची किंमत २० कोटी डॉलरच्या वर. कारण यंत्रसामग्री जपून ठेवली तरी पुरवठादार विखुरतात, कारागीर निवृत्त होतात, ऐंशी-नव्वदच्या दशकातले संगणकाचे सुटे भाग कोणी बनवत नाही.

आणि समजा बंदी उठली, कारखानाही उघडला, तरी निर्यातीसाठी विमान वेगळं घडवावं लागलं असतं. रडारला चकवणारा लेप, इंजिनाभोवतीची रचना, आपसातला संदेशवहन दुवा, यातलं काय झाकायचं आणि काय द्यायचं याचा विचार मूळ आराखड्यात झालाच नव्हता. एफ-३५ चं नेमकं उलटं. ते पहिल्यापासून आठ भागीदार देशांना बरोबर घेऊन, विकण्यासाठीच आखलं गेलं. जपाननं २०११ च्या डिसेंबरमध्ये एफ-३५ निवडलं, त्यामागे एफ-२२ चा बंद दरवाजा होता.

अर्थात फक्त विकण्यासाठी विमान बनवणं हाही उपाय नव्हे. नॉर्थ्रॉप कंपनीनं १९८० च्या दशकात एफ-२० टायगरशार्क स्वतःच्या खर्चानं बनवलं. उद्देश मित्रदेशांना विकणं. विमान चांगलं होतं. एकही विकलं गेलं नाही. कारण अमेरिकी हवाई दल ते स्वतः उडवत नव्हतं, आणि घरच्यांनी नाकारलेलं विमान दुसरा कशाला घेईल? त्यात अमेरिकेनं एफ-१६ चीच निर्यात मोकळी केली. १९८६ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तेजसच्या निर्यातीबद्दल बोलताना हे उदाहरण ध्यानात ठेवावं. आपल्या हवाई दलाच्या ताफ्यात ते भरपूर संख्येनं दिसेपर्यंत बाहेरचे ग्राहक दबकतच राहणार.

पायरी ३: विमानाच्या आत कुणाकुणाचा माल आहे?

नवख्या वाचकाकडून सगळ्यात जास्त सुटते ती ही पायरी. विमानावर एका देशाचं नाव असतं, आत अनेक देशांचे भाग असतात. ज्याचा भाग, त्याची परवानगी. अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांखाली येणारा एखादा छोटा भाग जरी आत असला, तरी ते विमान तिसऱ्या देशाला विकताना वॉशिंग्टनला विचारावं लागतं.

इंजिनापासून सुरुवात करा. स्वीडनच्या ग्रिपेन-ई मध्ये अमेरिकी एफ-४१४ इंजिन. दक्षिण कोरियाच्या केएफ-२१ मध्येही तेच. तेजस मार्क-१ए मध्ये एफ-४०४. तुर्कस्तानच्या ‘कान’ विमानात सध्या एफ-११०. चारही जनरल इलेक्ट्रिकची. तुर्कस्ताननं २०२५ मध्ये इंडोनेशियाला ४८ ‘कान’ विकण्याचा करार केला, पण स्वतःचं इंजिन तयार होईपर्यंत त्या विमानांची किल्ली अंकाराकडे जितकी आहे तितकीच वॉशिंग्टनकडे. हे आजचं नाही. १९७८ मध्ये स्वीडनला आपलं विगेन विमान भारताला विकायचं होतं. विगेनचं इंजिन अमेरिकी आराखड्यावर बेतलेलं, त्यामुळे अमेरिकेच्या कार्टर प्रशासनानं नकार दिला. भारतानं जग्वार घेतलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि लढाऊ विमानाचं नाक म्हणजे इंजिन.

पण छोट्या भागांनीही सौदे बुडतात. अर्जेंटिनाला कोरियाचं एफए-५० हवं होतं. २०२० मध्ये कोरियन कंपनीनं कळवलं, की विमानात काही ब्रिटिश भाग आहेत, त्यामुळे देता येणार नाही. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं १९८२ मध्ये, पण अर्जेंटिनाला शस्त्रसामग्री न देण्याचं ब्रिटनचं धोरण अजून टिकून आहे. पाश्चात्त्य बनावटीच्या अनेक विमानांत वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीचं असतं. तेजसमध्येही तेच आहे. तेव्हा तेजस अर्जेंटिनाला विकण्याच्या बातम्या जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा पहिला प्रश्न या आसनाचा विचारायला हवा होता.

विमान स्वतःचं आणि क्षेपणास्त्रात परका भाग, असंही होतं. इजिप्तनं २०१५ मध्ये २४ रफाल घेतली. रफालचं इंजिनसुद्धा फ्रेंच, म्हणून फ्रान्स मोकळा आहे असं मानलं जात होतं. पुढे इजिप्तला स्काल्प क्षेपणास्त्रं हवी झाली, तर त्यात एक अमेरिकी भाग निघाला आणि घोडं तिथं पेंड खायला लागलं. फ्रान्सच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लोरान्स पार्ली यांनी हे जाहीरपणे मान्य केलं आणि अशा भागांवरचं अवलंबित्व कमी करू, असं सांगितलं.

चार देशांनी मिळून विमान बनवलं तर चौघांचाही नकाराधिकार. युरोफायटर टायफून ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेनचं. सौदी अरेबियाला आणखी ४८ विमानं विकायला ब्रिटन उत्सुक होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सौदी हस्तकांनी पत्रकार जमाल खाशोगी यांची हत्या केली आणि जर्मनीनं हात आखडता घेतला. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीनं विरोध सोडला, तोवर पाच वर्षं गेली होती. तुर्कस्तानच्या बाबतीतही जर्मनीची संमती २०२५ च्या जुलैमध्ये मिळाली, तेव्हाच ऑक्टोबरमध्ये ब्रिटनला २० विमानांचा करार करता आला.

यातून धडा घेऊन ब्रिटन, जपान आणि इटली यांनी पुढच्या पिढीच्या संयुक्त विमानाबाबत निर्यातीचा प्रश्न आधीच काढला. जपानचे नियम फार कडक होते. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं या एका विमानापुरती सूट दिली, तीही ज्यांच्याशी जपानचा संरक्षण सामग्रीचा करार आहे अशा १५ देशांपुरती, युद्ध चालू असलेल्या देशाला अजिबात नाही, आणि प्रत्येक विक्रीला मंत्रिमंडळाची वेगळी मंजुरी. विमान सेवेत यायचं आहे २०३५ मध्ये. ते कुणाला विकायचं यावर त्याच्या अकरा वर्षं आधी भांडण मिटवलं गेलं, याला मी शहाणपण म्हणेन.

पायरी ४: घेणाऱ्याच्या घरात आणखी कोण राहतं?

स्टेल्थ विमानाचं गुपित त्याच्या आकारात आणि लेपात असतं, आणि ते रडारवर नेमकं कसं दिसतं या माहितीत असतं. शत्रूचं रडार त्या विमानाला रोज, जवळून, वेगवेगळ्या कोनांतून बघत राहिलं, तर काही महिन्यांत त्याची ओळख पटवायला पुरेशी माहिती गोळा होऊ शकते. अमेरिकेला तुर्कस्तानबद्दल हीच भीती होती.

तुर्कस्तान एफ-३५ प्रकल्पाचा मूळ भागीदार. १०० विमानं घेण्याचा त्याचा बेत होता, विमानाचे शेकडो भाग तुर्की कारखान्यांत बनत होते, वैमानिक अमेरिकेत शिकत होते. जुलै २०१९ मध्ये रशियाच्या एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणेचे पहिले भाग अंकाराजवळ उतरले. आठवड्याच्या आत तुर्कस्तानला प्रकल्पातून काढण्यात आलं. त्याच्यासाठी बांधलेली आठ विमानं पुढे अमेरिकी हवाई दलानं स्वतः घेतली. डिसेंबर २०२० मध्ये तुर्कस्तानच्या संरक्षण खरेदी यंत्रणेवर निर्बंधही लागले. नाटोतला सदस्य, प्रकल्पातला भागीदार, पैसे भरलेला ग्राहक, आणि तरी हे झालं.

आता भारताकडे बघा. आपण २०१८ मध्ये एस-४०० साठी करार केला, ती यंत्रणा आली, बसली, वापरातही आहे. तुर्कस्तानला जे कारण दाखवून बाहेर काढलं, ते कारण इथं आधीपासून हजर आहे. एफ-३५ ची बातमी आली तेव्हा बहुतेक चर्चांमध्ये हा मुद्दा उगाच मागे ढकलला गेला. माझ्या मते तो पहिल्या वाक्यात यायला हवा होता. राजकीय इच्छा असेल तर अपवाद करता येतात, हे खरं. पण तो अपवाद कोण, कोणत्या कायद्यानं, कशाच्या बदल्यात करणार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अमिरातीच्या बाबतीत हरकत चीनची होती. तिथल्या दूरसंचार जाळ्यात हुआवे या चिनी कंपनीची सामग्री होती आणि अमेरिकेला ती खुपत होती. अमिरातीनं तांत्रिक अटी आणि सार्वभौमत्वावरचे निर्बंध ही कारणं देत बोलणी थांबवली.

शेजाऱ्यांचाही विचार असतो. पश्चिम आशियात इस्रायलची लष्करी गुणवत्ता इतरांपेक्षा सरस राहील याची काळजी घेणं अमेरिकी प्रशासनावर २००८ पासून कायद्यानंच बंधनकारक आहे. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाला एफ-३५ विकण्याची घोषणा झाली, तेव्हा जाणकारांनी सगळ्यात आधी हे विचारलं, की सौदीला मिळणारं विमान इस्रायलच्या विमानाइतकंच सक्षम असेल का. आणि याचं उत्तर पुढच्या पायरीत दडलेलं असतं.

पायरी ५: कागदावर तेच विमान, आत काय?

निर्यातीचं विमान घरच्यापेक्षा कमी ताकदीचं ठेवायची रीत जुनी आहे. सोव्हिएत रशियानं अरब देशांना दिलेल्या मिग-२३एमएस मध्ये मिग-२१ च्या जमान्यातलं रडार बसवलं होतं. नाव मिग-२३, नजर एका पिढीनं मागची. आता इतकं ढोबळ कोणी करत नाही. आता फरक सॉफ्टवेअरमध्ये असतो.

एफ-३५ ला शत्रूची रडारं आणि क्षेपणास्त्रं ओळखण्यासाठी धोक्यांची माहिती भरलेली फाइल लागते. ती तयार करण्याचं काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत होतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची यासाठी संयुक्त प्रयोगशाळा आहे, पण तीही अमेरिकेतच, फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर. मार्च २०२५ मध्ये युरोपात ओरड झाली, की अमेरिका एक बटण दाबून ही विमानं बंद पाडू शकते. असं बटण असल्याचा पुरावा नाही. पण त्या बटणाची गरजही नाही. धोक्यांची फाइल अद्ययावत करणं थांबवलं, सुटे भाग रोखले, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिली नाही, तर विमान उडतं पण लढाईत त्याचं पारडं हळूहळू हलकं होत जातं. इस्रायलनं आपल्या एफ-३५आय मध्ये स्वतःची इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री बसवायची परवानगी मिळवली, ती यासाठीच. अशी मुभा क्वचितच कुणाला मिळते.

‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हे शब्द बातमीत दिसले, की कशाचं तंत्रज्ञान ते शोधा. दक्षिण कोरियानं ४० एफ-३५ घेताना केएफ-२१ साठी तंत्रज्ञान मिळेल असा हिशोब धरला होता. २०१५ मध्ये उघड झालं, की आधुनिक रडार, उष्णतेवरून शोध घेणारी यंत्रणा, लक्ष्य टिपणारी यंत्रणा आणि शत्रूच्या रडारला गोंधळवणारा जॅमर या नेमक्या चार गोष्टी द्यायला अमेरिकेनं नकार दिला आहे. कोरियानं मग त्या देशातच विकसित केल्या. याउलट ब्राझीलनं २०१४ मध्ये ३६ ग्रिपेन घेताना काही विमानांची जुळणी आपल्या एम्ब्रेअर कंपनीच्या कारखान्यात करण्याची अट घातली आणि ती पाळली गेली. अर्थात जुळणी शिकणं वेगळं आणि रडारचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ संहिता, मिळणं वेगळं. बहुतेक करारांत पहिलं मिळतं.

पायरी ६: किमतीचा आकडा कशाचा आहे?

एकूण रकमेला विमानांच्या संख्येनं भागून ‘एक विमान इतक्याला’ असं लिहिणं बंद करायला हवं. फिनलंडनं २०२१ मध्ये ६४ एफ-३५ घ्यायचं ठरवलं. नुसत्या विमानांसाठी सुमारे ४.७ अब्ज युरो, म्हणजे एकाला साधारण ७.३ कोटी. शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल आणि तळावरची बांधकामं धरून कार्यक्रम गेला १० अब्जांच्या आसपास, म्हणजे एकाला १५ कोटींच्या वर. दोन्ही आकडे खरे, पण एका देशाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन तुलना केली की वाद फुकट पेटतो. रफालच्या ३६ विमानांच्या किमतीवर आपल्याकडे झालेला बराचसा वाद याच जातीचा होता.

आणि ठरलेली किंमत ठरलेलीच राहते असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ मध्ये मतदारांनी ग्रिपेनची खरेदी सार्वमतात फेटाळली होती. २०२० मध्ये नव्या लढाऊ विमानांसाठी सहा अब्ज फ्रँकची मर्यादा मंजूर झाली, तीही ५०.१ टक्क्यांनी, अगदी काठावर. सरकार छातीठोकपणे सांगत राहिलं, की ३६ एफ-३५ ची किंमत कायम आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनं कळवलं, की तसं काही नाही, ६५ कोटी ते १.३ अब्ज डॉलर जादा लागू शकतात. लोकांचं मत इतक्या कमी फरकानं मिळवलेल्या सरकारसाठी हा केवढा पेच आहे याची कल्पना करा.

पायरी ७: रांग किती लांब आहे?

यावर थोडक्यात. तैवानला ६६ नवी एफ-१६ द्यायला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. पहिलं विमान कारखान्यात त्यांच्या हाती आलं मार्च २०२५ मध्ये. एफ-३५ च्या नव्या सॉफ्टवेअर-हार्डवेअर संचात अडचणी आल्या म्हणून जुलै २०२३ ते जुलै २०२४ या काळात अमेरिकेनं स्वतःचीही नवी विमानं स्वीकारली नाहीत, तयार विमानं कारखान्यात उभी राहिली. तेजस मार्क-१ए च्या उशिरामागे इंजिनांच्या पुरवठ्याचा वाटा मोठा आहे. आज सही केली तर स्क्वाड्रन लढायला तयार व्हायला सात-आठ वर्षं सहज धरा. वैमानिक घडतात त्यामानानं लवकर. अनुभवी तंत्रज्ञ, ज्यांच्याशिवाय विमान दुसऱ्या दिवशी उडत नाही, ते घडायला वेळ लागतो.

पायरी ८: मैत्री तुटली तर?

विकणाऱ्याच्या बाजूनं हा सगळ्यात अवघड प्रश्न. शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, काळात इराण अमेरिकेचा लाडका ग्राहक होता. ८० एफ-१४ टॉमकॅट मागवली, ७९ मिळाली. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि अमेरिकी नौदलाचं सर्वोत्तम विमान शत्रूच्या हातात राहिलं. इराणनं ते जुगाड करकरून दशकानुदशकं उडवलं. अमेरिकी नौदलानं २००६ मध्ये आपली एफ-१४ निवृत्त केली, तेव्हा त्यातली बरीच विमानं यंत्रात घालून तुकडे तुकडे केली. का, तर सुटे भाग फिरत फिरत तेहरानला पोचू नयेत.

घेणाऱ्याच्या बाजूनं याचंच दुसरं रूप आपल्या शेजारी घडलं. पाकिस्ताननं ऐंशीच्या दशकात एफ-१६ घेतली, आणखी मागवली, पैसे भरायला सुरुवात केली. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं प्रमाणपत्र द्यायचं टाळलं. अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा परतल्या होत्या. गरज सरली होती. असं प्रमाणपत्र नसेल तर लष्करी मदत रोखणारी ‘प्रेसलर दुरुस्ती’ लागू झाली आणि तयार झालेली २८ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या साठवण तळावर जाऊन बसली. पैशांचा निकाल १९९८ च्या अखेरीस लागला, काही रोख आणि काही गव्हासारख्या मालाच्या रूपात. त्यातली काही विमानं नंतर अमेरिकी नौदलानं आपल्या वैमानिकांच्या सरावात ‘शत्रू’ म्हणून वापरली.

म्हणून करारात पाहायचं ते हे: सुटे भाग किती वर्षांचे आधीच मिळणार, मोठी दुरुस्ती देशात होणार की बाहेर, शस्त्रं स्वतःची बसवता येतात का. भारताच्या फ्रान्सबद्दलच्या विश्वासामागे इथला अनुभव आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेनं निर्बंध लादले, फ्रान्सनं लादले नाहीत. पुढच्याच वर्षी कारगिलमध्ये फ्रेंच मिराज-२००० नं काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ९: जुनी विमानं पुढे कुणाला?

विमान विकत घेतलं तरी ते तिसऱ्याला द्यायचा हक्क घेणाऱ्याकडे नसतो. डेन्मार्क आणि नेदरलँड्सला आपली जुनी एफ-१६ युक्रेनला द्यायची होती, तर ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेची संमती घ्यावी लागली, आणि पहिली विमानं पोचली २०२४ च्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास. डेन्मार्कनंच उरलेल्यांपैकी २४ एफ-१६ एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या संमतीनं अर्जेंटिनाला विकली. कोरियन विमानाच्या वेळी आडवा आलेला ब्रिटन या वेळी आडवा आला नाही. त्यामुळे वापरलेल्या विमानांची बातमी आली, तर विकणाऱ्याच्या नावाशी थांबू नका. मूळ उत्पादक देशानं लेखी संमती दिली आहे का, आणि संमतीबरोबर कोणती शस्त्रं द्यायची व कोणती नाही याची यादी जोडली आहे का, एवढं तपासा.